स्पर्धकाने ॲप काढलं, आता आम्ही काय करायचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्र लिहिणाऱ्या ताईंची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. कारखान्यांना यंत्रांचे सुटे भाग पुरवण्याचा त्यांचा घरचा व्यवसाय आहे. पंपांची सील, बेअरिंग, कपलिंग, व्हॉल्व्ह असा माल. वडिलांनी सुरू केलेला धंदा आता त्या आणि त्यांचा धाकटा भाऊ सांभाळतात, वडील अजून रोज येऊन बसतात. मध्यंतरी एका स्पर्धकाने मोबाइल ॲप आणलं. फोटो टाकला की भाग ओळखला जातो, कोटेशन लगेच मिळतं, माल कुठवर पोहोचला तेही दिसतं. त्यानंतर यांची दोन जुनी गिऱ्हाइकं तिकडे गेली. भावाने एका सॉफ्टवेअर कंपनीचा प्रस्ताव आणला आहे: ॲप, गोदामाची यंत्रणा, एआय चॅटबॉट, सगळं एकदम. खर्च जवळपास दीड वर्षाच्या नफ्याइतका. शिवाय एका मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेचं ‘आमच्याकडे माल विका’ असं बोलावणं आलं आहे. वडील म्हणतात, ‘आपला धंदा माणसांवर चालतो, ॲपवर नाही.’ ताई विचारतात, ‘पैसे घातले तर कर्जात जाऊ, नाही घातले तर संपून जाऊ असं वाटतं. या काळात टिकायचं तर एवढी उडी घ्यावीच लागते का?’

उत्तर

ताई, स्पर्धकाने ॲप आणलं आणि ‘त्यानंतर’ दोन गिऱ्हाइकं गेली, असं तुम्ही लिहिलं आहे. त्या ‘त्यानंतर’चं पत्राच्या पुढच्या परिच्छेदात ‘त्यामुळे’ होऊन गेलं. गेलेल्यांना कुणी विचारलं का? पत्रावरून तरी तसं वाटत नाही. गेलेल्या गिऱ्हाइकाकडे जाऊन कारण विचारणं जड जातं हे खरं, पण दीड वर्षाचा नफा पणाला लावण्याआधी एवढा जडपणा सोसायला हरकत नाही.

आणि विचारायचं ते खरेदी खात्याच्या साहेबांना नाही. ज्याच्या हातात पाना असतो त्या मेंटेनन्सच्या माणसाला विचारा: शेवटच्या दोन-तीन ऑर्डरींच्या वेळी आमच्याकडे नेमकं काय अडलं? उत्तरं फार वेगवेगळी येऊ शकतात. कोटेशनला दोन दिवस लागले. बिलावरचा पार्ट नंबर आणि खोक्यावरचा नंबर जुळला नाही. ओळखीचे खरेदी अधिकारी निवृत्त झाले. समोरच्याने उधारीची मुदत जास्त दिली. यातल्या एखाद्या अडचणीवर ॲप हा उपाय असेलही, पण बाकीच्या ॲप आणल्यावरही तशाच राहतील, फक्त आता त्या स्क्रीनवर दिसतील.

कोटेशनचंच घ्या. तुमच्या भावाला ते लगेच जायला हवं आहे, आणि त्याचं म्हणणं अगदी बरोबर आहे. यंत्र बंद पडलेलं असताना माणूस तासांच्या हिशेबात विचार करतो. पण आज उशीर कुठे होतो, हे कुणी मोजलं आहे का? महिनाभर प्रत्येक चौकशीची वेळ आणि कोटेशन गेल्याची वेळ शेजारी-शेजारी लिहून ठेवा. साध्या एक्सेलमध्ये ठेवली तरी चालेल. माझा अंदाज असा, की बराच वेळ टाइप करण्यात जात नसणार. सूट किती द्यायची हे बाबांना विचारायचं असतं आणि बाबा जेवायला गेलेले असतात, किंवा पुरवठादाराचा नवा भाव आलेला नसतो, यात तो जात असणार. मग ॲपही तिथेच अडकेल. ‘लगेच कोटेशन’ देणाऱ्या स्पर्धकाने ॲप काढण्याआधी कुठेतरी बसून हे ठरवलं असणार, की या गिऱ्हाइकाला या मालावर इतक्या टक्क्यांपर्यंत कुणालाही न विचारता सूट द्यायची. हा निर्णय तुम्ही तिघं एका दुपारी घेऊ शकता. त्याला सॉफ्टवेअर लागत नाही.

नवं यंत्र जुन्या पद्धतीवर चढवलं की काय होतं, याची एक जुनी हकीकत आहे. एडिसनचं वीजकेंद्र न्यूयॉर्कमध्ये १८८२ साली सुरू झालं, पण अमेरिकेतल्या कारखान्यांच्या उत्पादकतेत विजेमुळे मोठी वाढ दिसायला १९२०चं दशक उजाडावं लागलं. अर्थशास्त्राचे इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये संगणकाच्या संदर्भात ही गोष्ट उलगडून सांगितली. वीज येण्याआधी कारखान्यात एकच वाफेचं इंजिन असे. छताखालून जाणारा लांबलचक शाफ्ट, म्हणजे फिरणारा दांडा, ते फिरवत असे आणि त्यावरून पट्टे प्रत्येक यंत्राकडे उतरत. वीज आली तेव्हा बऱ्याच मालकांनी इंजिन काढून तिथे मोठी मोटार बसवली आणि शाफ्ट, पट्टे, यंत्रांच्या जागा सगळं तसंच ठेवलं. फायदा झाला, पण बेताचा. प्रत्येक यंत्राला आपापली मोटार दिली आणि शाफ्टजवळ बसवण्याऐवजी कामाच्या क्रमाने यंत्रं मांडली, तेव्हा खरा फरक पडला. मोटार सगळ्यांनाच विकत मिळत होती. मांडणी मात्र ज्याची त्याला बदलावी लागली.

म्हणून तुमच्या पत्रातल्या दुसऱ्या गृहीताबद्दल मला शंका आहे. तंत्रज्ञान आणलं की आपण पुढे जातो, असं तुम्ही धरून चालला आहात. जी सॉफ्टवेअर कंपनी तुम्हाला हे विकते आहे, ती उद्या तुमच्या तिसऱ्या स्पर्धकालाही विकणार आहे, कदाचित तुमच्याच कामाचे फोटो दाखवून. लेखक निकोलस कार यांनी २००३ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त हाच मुद्दा मांडला तेव्हा संगणकवाले चांगलेच चिडले होते: जे सगळ्यांना विकत मिळतं ते नसेल तर तोटा होतो, पण असल्याने कुणी वेगळं ठरत नाही. मला हे बहुतांशी पटतं. ऑर्डर कुठे पोहोचली हे दाखवणं आता किमान अपेक्षेत मोडतं. ते स्वस्तात स्वस्त मिळेल तिथून घ्या आणि त्याचा फार गाजावाजा करू नका.

मग वेगळेपण येतं कुठून? तुमच्या ऑफिसातला एक फोन आठवून बघा. पलीकडे कारखान्यातला माणूस आहे. पंप गळतोय, लाइन बंद आहे, नेमप्लेटवरचे आकडे गंजून गेलेत. पार्ट नंबर त्याला माहीत नाही. तुमच्याकडचा एखादा जुना माणूस फोन घेतो आणि विचारतो: शाफ्टचा व्यास किती? आतून पाणी जातं की रसायन? किती गरम असतं? मागचं सील किती टिकलं? ‘तीन महिन्यांत गेलं’ असं ऐकल्यावर तो म्हणतो, ‘मग नुसतं सील बदलू नका, तेही तीन महिन्यांतच जाईल. अलाइनमेंट तपासा, बेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आहे का बघा. आणि तेल लागत असेल तर ईपीडीएम जातीचं रबर चालणार नाही, फुगेल.’

फोन संपतो. नोंद काय होते? ‘सील, १ नग.’ बाकीचं सगळं हवेत विरून जातं.

ताई, तुमचं भांडवल तेच आहे. कोणत्या गिऱ्हाइकाकडे कोणतं यंत्र आहे, त्यात कोणता भाग किती काळ टिकला, का गेला, कोणता पर्याय बसला आणि कोणता परत आला. स्पर्धकाचं ॲप फोटोवरून सील ओळखेल, पण ते दर तीन महिन्यांनी का फाटतं हे त्याला कळणार नाही. ही माहिती बाजारात विकत मिळत नाही. ती फक्त काम करताना मिळते आणि तुम्हाला ती रोज फुकट मिळते आहे. आजवर ती एक-दोन माणसांच्या डोक्यात राहिली. ती माणसं आजारी पडली किंवा सोडून गेली की संपली. डिजिटल साधनांचा तुमच्यासाठी सर्वांत मोठा उपयोग मला इथे दिसतो.

सुरुवात साधी ठेवा. प्रत्येक फोनमागे पाच गोष्टी लिहायच्या: गिऱ्हाईक, यंत्र, भाग, आधीचा किती टिकला, का गेला. आणि याच्या जोडीला आणखी एक यादी ठेवा. बहुतेक धंद्यांत ती नसते, तरी मला ती विक्रीच्या आकड्यांहून मोलाची वाटते: लोकांनी काय मागितलं जे आपल्याकडे नव्हतं. विक्रीच्या नोंदी आपण काय विकलं तेवढंच सांगतात. परत गेलेल्या मागणीचा पत्ता त्यात कुठेच नसतो. वर्षभरात या दोन याद्यांवरून गोदामात काय वाढवायचं आणि काय काढून टाकायचं हे दिसू लागेल. एखाद्या कारखान्याला तुम्ही आपणहून फोन करू शकाल, की तुमच्या दोन नंबरच्या पंपाचं सील साधारण आठ महिन्यांनी जातं, आता सातवा चालू आहे, पाठवू का? असा फोन करणाऱ्याला सोडून गिऱ्हाईक सहजी जात नाही. गेलं तरी नव्या पुरवठादाराला ही सगळी माहिती पहिल्यापासून गोळा करावी लागते.

पहिले काही महिने या नोंदींतून काहीही हाती लागणार नाही, आणि भाऊ कंटाळेल.

खरी अडचण मात्र माणसांची आहे. ज्या जुन्या माणसाला हे सगळं ठाऊक आहे, त्याला तुम्ही ‘आता सगळं कॉम्प्युटरमध्ये भरा’ म्हणालात, तर त्याच्या मनात पहिला प्रश्न येईल की भरून झाल्यावर माझी गरज काय? तो तोंडाने हो म्हणेल आणि अर्धवट भरेल. त्याला दोष देता येणार नाही. त्याच्यापुढे फॉर्म ठेवू नका. एखादा नवा मुलगा किंवा मुलगी शेजारी बसवा, फोन चालू असताना ऐकून लिहू दे आणि दिवसाच्या शेवटी दहा मिनिटं त्या दोघांनी मिळून नोंदी दुरुस्त कराव्यात. प्रत्येक सल्ल्याखाली त्याचं नाव राहू द्या. पगारात काहीतरी दिसू द्या, कारण नुसत्या कौतुकावर कुणी आपलं आयुष्यभराचं ज्ञान काढून देत नाही. आणि त्याच्या नोकरीचं काय, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा.

इथे बाबा आणि भाऊ यांच्यातला वाद मला निम्माअधिक खोटा वाटतो. धंदा माणसांवर चालतो म्हणजे त्या माणसांना जे माहीत आहे त्यावर चालतो, आणि भावाला जे हवं आहे त्यातून ती माहिती बंद पडलेल्या यंत्रापर्यंत लवकर पोहोचते. अमेरिकन एअरलाइन्सची ‘सेबर’ ही तिकीट-आरक्षणाची यंत्रणा याबाबतीत बघण्यासारखी आहे. १९६०च्या दशकात ती आयबीएमच्या मदतीने उभी राहिली, पण आयबीएमने डेल्टा आणि पॅन ॲम या दुसऱ्या विमान कंपन्यांनाही तशा यंत्रणा करून दिल्या होत्या. म्हणजे संगणक एकट्या अमेरिकनकडे नव्हता. १९७६ पासून कंपनीने आपले टर्मिनल प्रवासी एजंटांच्या टेबलांवर नेऊन ठेवले. एजंट पहिल्या स्क्रीनवर दिसेल तेच विमान बहुधा निवडत, आणि पहिल्या स्क्रीनवर अमेरिकनची विमानं असत. इतर कंपन्यांनी ओरड केली आणि १९८४ मध्ये सरकारी नियमाने हा पक्षपात बंद केला. तो लबाडीचा भाग सोडून द्या. निर्णय जिथे होतो त्या टेबलावर आपण हजर असणं, हा भाग घेण्यासारखा आहे. तुमच्या धंद्यात निर्णय गळणाऱ्या पंपाशेजारी उभं राहून होतो. तिथल्या माणसाला नवं ॲप उतरवून घ्यायचं, पासवर्ड आठवायचा, एवढी उसंत असते का? कदाचित साध्या मेसेजवर फोटो पाठवणं त्याला सोपं जाईल. किंवा पंपावर चिकटवलेलं तुमचं एक क्यूआर स्टिकर, जे स्कॅन केलं की त्या पंपाचा सगळा इतिहास आणि तुमचा नंबर समोर येतो. ॲपच्या मानाने याचा खर्च किरकोळ आहे.

आता त्या मोठ्या प्रस्तावाबद्दल. तो मुळातच वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण तो एकदम घेऊ नका. २००१ साली बूट बनवणाऱ्या नायकेने जाहीर केलं, की मागणीचा अंदाज बांधणाऱ्या नव्या सॉफ्टवेअरमधल्या गोंधळामुळे सुमारे १० कोटी डॉलरची विक्री हुकली. न खपणाऱ्या बुटांचं उत्पादन जास्त झालं होतं आणि खपणाऱ्यांचं कमी. सॉफ्टवेअर देणाऱ्या आयटू कंपनीने दोष आपल्या एकटीचा नसल्याचं सांगितलं. तो वाद बाजूला ठेवू. नायकेकडे असा फटका पचवायला पैसा होता. दीड वर्षाचा नफा एका डावात घातलेल्या घरच्या धंद्याकडे तो नसतो.

कंपनीला काही प्रश्न विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. आमचा सगळा डेटा आम्हाला केव्हाही, साध्या फाइलमध्ये काढून घेता येईल का? करार संपल्यावर तो कुणाकडे राहील? दरमहा शुल्क किती, आणि ते वाढवण्यावर मर्यादा काय? आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरशी जोडणी कोण करणार, आणि ती तुटली तर कोण दुरुस्त करणार? आमच्याएवढ्या आकाराचा, दोन वर्षांहून जुना एखादा ग्राहक बोलायला मिळेल का? शेवटच्या प्रश्नावर टाळाटाळ झाली तर पुढे बोलण्यात अर्थ नाही. आणि काम तुकड्यांत मागा. आधी फक्त गोदामातला मालसाठा, तोही निम्म्या मालापुरता. तो सहा महिने नीट चालला तर पुढचं. ‘तुकड्यांत जमत नाही, सगळं एकत्रच घ्यावं लागतं’ असं कुणी म्हणालं तर ती त्यांच्या विक्रीची सोय आहे.

चॅटबॉट मी यातून सरळ काढून टाकेन, निदान आत्ता. २०२४ मध्ये कॅनडात एका न्यायाधिकरणासमोर प्रकरण आलं होतं. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीची चुकीची माहिती दिली. चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतःच जबाबदार आहे, अशा धाटणीचा बचाव कंपनीने केला. न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. तिथे प्रश्न तिकिटाच्या पैशांचा होता. तुमच्याकडे चुकीचं सील सुचवलं गेलं तर रसायन बाहेर येईल. एआयचा उपयोग आतल्या बाजूला करा: जुन्या नोंदी शोधायला, कोटेशनचा मसुदा तयार करायला, पुरवठादारांच्या जाड कॅटलॉगमधून जुळणारा भाग काढायला. बाहेर जाणारं उत्तर जाणत्या माणसाच्या नजरेखालून जाऊ द्या.

ऑनलाइन बाजारपेठेच्या बोलावण्यावर तुम्ही एकच ओळ लिहिली आहे, पण मला ती सगळ्यांत जपून घेण्याची गोष्ट वाटते. २००० साली टॉईज ‘आर’ अस या खेळण्यांच्या साखळीने आपली ऑनलाइन विक्री दहा वर्षांच्या कराराने ॲमेझॉनकडे सोपवली. आपल्या प्रकारची खेळणी तिथे फक्त आपण विकणार, अशी तिची समजूत होती. इतर विक्रेतेही तिथे आले, २००४ मध्ये प्रकरण कोर्टात गेलं आणि २००६ मध्ये कोर्टाने तिला करारातून बाहेर पडू दिलं. खटला जिंकली, पण ऑनलाइन गिऱ्हाईक कसं वागतं हे शिकण्याची महत्त्वाची वर्षं दुसऱ्याच्या घरात गेली. २०१७ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. त्यामागे कर्जाचा डोंगर हे मोठं कारण होतं, सगळं खापर या करारावर फोडता येणार नाही.

तुम्ही तिथे विकूच नका, असं नाही. ज्या बेअरिंगचा नंबर जगभर सारखा असतो, ज्यात सल्ला लागत नाही आणि लोक फक्त भाव बघतात, ती तिथे ठेवा. पडून राहिलेला माल तिथे काढा. पण ज्या मालाबरोबर तुमचं ज्ञान जातं तो तिथे नेऊ नका, कारण तिथे गिऱ्हाइकाचा नंबर, त्याची पुढची गरज आणि काय खपतं याचा हिशेब बहुधा बाजारपेठेकडे राहतो. एकूण विक्रीतला किती हिस्सा तिथून आला तर थांबायचं, तो आकडा आजच ठरवा. विक्री वाढू लागली की तो ठरवण्याचं धैर्य राहत नाही.

उरली तुमची ‘संपून जाण्याची’ भीती. जिथे प्रत्येक नवा माणूस आल्याने आधीच्या सगळ्यांचा फायदा वाढतो, जसं संदेश पाठवण्याच्या सेवांत होतं, तिथे मागे पडणं महागात पडतं. तिथेही पहिला येणारा टिकतोच असं नाही. गूगलच्या आधी कितीतरी शोधयंत्रं होती आणि फेसबुकच्या आधी मायस्पेस होतं. सुट्या भागांच्या पुरवठ्यात तर हे बळ फारच कमी आहे. दुसऱ्या कारखान्याने स्पर्धकाचं ॲप वापरलं म्हणून पहिल्याचा पंप लवकर दुरुस्त होत नाही. तुमच्या हातात वेळ आहे. फार नाही, पण महिनाअखेरीस सही करण्याइतका कमीही नाही.

भावाला मात्र ‘थांब’ एवढंच सांगून बसवू नका. कोटेशनची वेळ निम्म्यावर आणण्याचं काम पूर्णपणे त्याच्याकडे द्या, खर्चाची मर्यादा आखून द्या आणि मध्ये लुडबुड करू नका. बाबांकडून सूट देण्याची चौकट लिहून घ्या. गेलेल्या दोन गिऱ्हाइकांकडे तुम्ही स्वतः जा.

हे वाचणाऱ्या, पण वेगळ्या धंद्यातल्या लोकांसाठी थोडं. तुम्ही माल न विकता सेवा देत असाल, म्हणजे हिशेब, दुरुस्ती, आराखडे, शिकवणी, तर वरच्या पाच रकान्यांऐवजी तुमचे पाच शोधा: कोणती चूक वारंवार होते, कोणता ग्राहक कोणत्या टप्प्यावर अडतो, काम परत का येतं. तुमचा सगळा धंदाच एका ॲपवर किंवा एका बाजारपेठेवर उभा असेल, तर ग्राहकांशी थेट बोलता येईल असा निदान एक रस्ता या वर्षी तयार करा, मग तो साधा ईमेलचा असला तरी चालेल. आणि दोन-चार माणसांच्या धंद्यात नोंदी कोण ठेवणार, असा प्रश्न पडला असेल, तर फोन ठेवल्यावर तीस सेकंदांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. तो मजकुरात उतरवून देणारी साधनं आता सहज मिळतात. मात्र गिऱ्हाइकाचा आवाज त्याला न सांगता रेकॉर्ड करू नका, फक्त स्वतःचा करा.